ग्रीक बेटावरच्या प्रेमकथेला नाकं का मुरडायची?

सातारा-सांगलीकडच्या वाचनालयात कुणी ग्रीक बेटावर घडणारी हलकीफुलकी प्रेमकादंबरी मागितली, की गंभीर वाचकांच्या कपाळावर आठी उमटते. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची. तिथल्या माणसाला निळा समुद्र नि पांढरी घरं हवीत कशाला, असा सवाल. या सवालामागे भक्कम परंपरा उभी आहे, हे मान्यच करायला हवं. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ याच मातीतून आली. पण मातीची एवढी महती गाताना सोयीस्कर विसर पडतो तो याचा, की त्याच अण्णा भाऊंनी ‘वैजयंता’सारखी प्रेमाची गोष्टही लिहिली, आणि अशा पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला तो शहरी दिवाणखान्यांपुरता नव्हता. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर तर ‘जीवनासाठी कला’ या पक्षाचे धुरंधर. तरीही त्यांना ज्ञानपीठापर्यंत नेणारी ‘ययाति’ (१९५९) घडते पुराणातल्या हस्तिनापुरात. ते हस्तिनापूर तरी कोणत्या एस.टी.च्या मार्गावर आहे? कथा लांब घडते म्हणून ती जीवनापासून पळते, हे प्रमेय आपण खांडेकरांना लावत नाही. मग बेटालाच का लावायचं?

उलट या लांबपणाचा एक उपयोग इथल्या वाचकाला जितका आहे, तितका तो लंडनच्या वाचकाला नसेल. आपल्याकडच्या प्रेमकथेत नायक-नायिकेची आडनावं कळली, की निम्मी गोष्ट वाचकाच्या मनात आपोआप लिहून होते. कूळ कोणतं, सोयरीक जमेल का, भावकी काय म्हणेल, हा सगळा हिशेब पहिल्या पानावरच मांडला जातो आणि प्रेमाची म्हणून जी अडचण असते तिच्याकडे लक्षच जात नाही. यॉर्गोस आणि एलेनी या ग्रीक नावांना आपल्या डोक्यात जातच नसते. त्यामुळे दोन माणसांचा स्वभाव, भीती, हट्ट, एकमेकांना ओळखण्यातली चूक एवढंच समोर राहतं. लग्नाला या हिशेबातून मोकळं करण्याची धडपड या मुलखाला नवी नाही. पुरोहिताविना लागणारे सत्यशोधक विवाह इथे रुजले. १९४३ ते १९४६ या काळात, आजच्या सांगलीचा मोठा भाग जेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, तेव्हा नाना पाटलांच्या ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारनं कमी खर्चाचे ‘गांधी-विवाह’ लावून दिले. प्रेमकादंबरी ही चळवळ नव्हे, तिला तो मान देण्याचंही कारण नाही. पण जोडीदार निवडणं ही दोघांची बाब असू शकते, एवढी कल्पना ती घरबसल्या करून बघू देते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ही बेटं खोटी असतात. तिथे कायम उन्हाळा, खानावळवाला कायम हसरा, आणि नायक बहुधा जहाजांचा मालक. हे खरंच आहे. पण म्हणून सगळा प्रकारच बाद ठरत नाही. व्हिक्टोरिया हिस्लॉपची ‘द आयलंड’ (२००५) क्रीटजवळच्या स्पिनालोंगावर घडते, जिथे १९५७पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत होती, आणि सुट्टीत वाचायचं पुस्तक म्हणूनच ती खपली. राहिला श्रीमंत नायक. वधू-वर सूचक मंडळांच्या याद्यांमध्ये ‘बागायती शेती, पुण्यात फ्लॅट’ वाचणाऱ्या समाजानं त्याला हसावं, ही जरा गंमतच.

या कादंबऱ्यांना धारेवर धरायचंच असेल, तर ते वेगळ्या मुद्द्यावर धरावं. एजियन समुद्रातल्या कित्येक बेटांवर हुंडा म्हणून घर मुलीच्या नावे करून देण्याची रीत होती. कार्पाथोसवर तर आईची मिळकत थोरल्या मुलीकडे जाई. ग्रीसमध्ये हुंड्याची कायदेशीर प्रथा रद्द झाली ती १९८३ साली. म्हणजे ज्या पांढऱ्या घराच्या गच्चीवर नायिका सूर्यास्त बघते, ते घर कुणाच्या नावावर आहे यातच एक अख्खी कथा दडलेली असते, आणि बहुतेक लेखिका ती पाहतच नाहीत. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारा २००५चा कायदा होऊनही जिथे बहिणी भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, त्या कराड-तासगावकडच्या वाचकाला ही उणीव टीकाकारांच्या आधी खटकेल.