पोटावरचे इंजेक्शन : कोणासाठी, कशासाठी?

महागावहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा गर्भ दोन वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच गेला. आता पुन्हा दिवस गेले आहेत. शेजारच्या सुनेला गरोदरपणात रोज पोटावर ‘रक्त पातळ करण्याचे’ इंजेक्शन देत होते आणि तिचे बाळ सुखरूप जन्मले. ‘मीही ते सुरू करावे का? घरच्यांनी कापसाचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले आहेत,’ असे त्या विचारतात.

वाचकहो, हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, म्हणून उत्तर येथे देत आहे. प्रथम एक गैरसमज दूर करू. या औषधांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. गरोदरपणात ही क्रिया मुळातच वाढलेली असते. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. काही स्त्रियांवर मात्र ती उलटते. पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते. हा धोका प्रसूतीनंतरही सुमारे सहा आठवडे राहतो.

‘रक्त पातळ करणारे औषध’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळी औषधे येतात. पोटावर घेतात ते हेपॅरिन. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिनसारख्या गोळ्या मात्र वार ओलांडतात आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या घडणीत व्यंग आणू शकतात. तिसरे औषध म्हणजे अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन. गर्भावस्थेत रक्तदाब वाढण्याचा विशेष धोका असलेल्या स्त्रियांना ते साधारण बाराव्या आठवड्यापासून देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले होते. सदतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती करावी लागेल इतका हा विकार त्यांच्यापैकी १.६ टक्के स्त्रियांना झाला. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.३ टक्के होते.

मग वारंवार गर्भ जात असेल तर? काही स्त्रियांच्या रक्तात गुठळ्यांना कारण होणारी विशिष्ट प्रतिपिंडे असतात. त्यांना हेपॅरिन आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र देतात. लंडनमध्ये अशा ९० स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, तर दोन्ही औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ७१ टक्के होते. पुढच्या सर्वच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, तरी उपचाराची ही दिशा आजही मान्य आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गुठळीची प्रवृत्ती आनुवंशिक आहे आणि दोन किंवा अधिक गर्भपात झाले आहेत, अशा ३२६ स्त्रियांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. हेपॅरिन घेणाऱ्यांत जिवंत जन्माचे प्रमाण ७२ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७१ टक्के होते. म्हणजे त्या रोजच्या सुईने पदरात काही पडले नाही. वर खर्च आणि अंगावर काळेनिळे डाग मात्र आले. शेजारणीचे बाळ इंजेक्शनामुळेच वाचले, असे केवळ तिच्या अनुभवावरून म्हणता येत नाही.

उलट, जिच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे, तिने ‘बाळाला अपाय होईल’ या भीतीने गोळी स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते. झडपेवर गुठळी धरते. अशा स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच, निदान पाळी चुकताच, हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे.

तेव्हा, भगिनी, कापसाचे पैसे इतक्यात सुईवर खर्च करू नका. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्या प्रतिपिंडांची तपासणी हवी का, ते विचारा. निदान पक्के करण्यासाठी ती बारा आठवड्यांनी पुन्हा करतात. मात्र उपचार केव्हा सुरू करायचा, हे डॉक्टर पहिल्या अहवालावरूनही ठरवू शकतात. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथेही विचारता येईल.

इंजेक्शन सुरू झालेच, तर वैशाखातल्या उन्हाळ्यात ते कुठे ठेवायचे, हे आधी विचारून घ्या. ते तापू नये आणि गोठूही नये. प्रसूती कुठे करायची, हेही आधीच ठरवा. पाठीत भूल देण्यापूर्वी शेवटच्या सुईनंतर मात्रेनुसार बारा ते चोवीस तास जावे लागतात. म्हणून कळा सुरू होताच पुढची सुई न घेता रुग्णालयाला कळवा आणि शेवटची सुई केव्हा घेतली, ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. अंगावरून रक्त जाणे, एकच पाय सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत कळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

औषध चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ते कोणाला आणि कशासाठी दिले जात आहे, हे प्रत्येक गर्भवतीने विचारावे. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे हा तिचा हक्क आहे.