यंदा कुणाकडे जायचंय?

वडील श्रावणात गेले. दिवाळीपर्यंत भेटायला येणाऱ्यांची ये-जा थांबली होती, फोन कमी झाले होते, आणि आईने एकदाच सांगून टाकलं, "यंदा आपल्याकडे दिवाळी नाही." कंदील माळ्यावरून उतरला नाही. भाजणी दळायला गेली नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात वसुबारसेच्या आधीपासूनच बेसन भाजल्याचा वास भरून राहतो. त्या वर्षी तो वास आमच्या दारापाशी आला की आई दार लोटून घ्यायची.

नरक चतुर्दशीच्या सकाळी तळमजल्यावरच्या काकू आल्या. हातात स्टीलचा डबा आणि त्याच्याखाली धरलेला एक दिवाळी अंक. "वहिनी, तुमच्याकडे यंदा कढई चढायची नाही, म्हणून आमच्याकडचं आणलंय," एवढंच म्हणाल्या. वडिलांचा विषय काढला नाही, धीर धरा म्हणाल्या नाहीत. आईने चहा टाकला. मग दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलत बसल्या. विषय काय, तर काकूंच्या चकल्या यंदा मऊ पडल्या होत्या. "तेल फार तापलं असेल," आई सांगत होती, "वरून लाल होते आणि आतून कच्ची राहते. जरा मंद आच ठेवायची." मी बाहेरच्या खोलीत होतो. आईचा हा आवाज, आपल्याला काहीतरी येतं हे ठाऊक असलेल्या बाईचा आवाज, मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

रिकामा डबा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. काकू "राहू द्या हो" म्हणत असतानाच आईने डबा धुतला, पुसला आणि त्यात दोन चमचे साखर घातली.

ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घरात पहिल्या दिवाळीला तळण लावायचं नाही, गोडधोड करायचं नाही, ही रीत महाराष्ट्रात बऱ्याच घरांतून पाळली जाते. पण त्या घराने फराळावाचून राहायचं, असं मात्र ती सांगत नाही. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, सोयऱ्याधायऱ्यांनी पोचता करायचा. मला या रीतीत फार मोठं शहाणपण दिसतं. दुःखात असलेल्याला ती हसायला लावत नाही आणि सणातून बाहेरही काढत नाही. आणि काम ती इतरांवर सोपवते. "काही लागलं तर सांगा" असं आपण मनापासून म्हणतो, पण त्या वाक्यात मागण्याचं ओझं दुखावलेल्या माणसावरच राहतं. डबा घेऊन येणारी बाई काहीही विचारत नाही. ती येते.

रीतीतली खोटही सांगितली पाहिजे. फराळ घरात येई, पण त्याच घरातली विधवा पाडव्याच्या संध्याकाळी आणि पुढे हळदीकुंकवाच्या दिवसांत आतल्या खोलीत बसे. आमच्याकडेही पहिल्या पाडव्याला ओवाळणीचं तबक बाहेर निघालं, तशी आई स्वयंपाकघरात गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं, थांबही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही, आणि ते मला आजही लागून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. बातमी वाचून दाखवली तेव्हा आई काही बोलली नाही. फक्त पुन्हा एकदा वाच म्हणाली.

शेजाऱ्याने शेजाऱ्याचं करायचं, हे एका घरावर वेळ आली तर. सगळ्या गावावरच आली तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली तेव्हा दिवाळी जेमतेम सहा आठवड्यांवर होती. जिथे घरोघरी माणूस गेलेलं, तिथे फराळ कुणी कुणाकडे न्यायचा? तेव्हा शेजाराची हद्दच मोठी करावी लागली. महाराष्ट्रभरातून माणसं तिथे मदतीला धावली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. सहा महिने सांभाळून परत पाठवण्याचं हे काम नव्हतं, वर्षानुवर्षांचं होतं.

महर्षी कर्व्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. ज्यांना माहेर उरलं नाही अशा मुलींसाठी समाजाकडून भाऊबीज मागायची, ही त्या संस्थेची जुनी परंपरा. आजही दिवाळीच्या सुमारास भाऊबीज निधीसाठी कार्यकर्त्या घरोघरी जातात. पावती फाडून घेताना आपण देणगी दिली असं वाटतं. खरं तर एका अनोळखी बहिणीने आपल्याला ओवाळलेलं असतं.

आज अडचण वेगळी आहे. माणसं कोरडी झाली आहेत असं मला वाटत नाही. ती बिचकतात. "त्यांना त्रास नको", "काय बोलायचं सुचत नाही", "फोन करून जावं का?" असं म्हणत चार दिवस निघून जातात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तर मनातली टोचणीही बोथट होते. दुसरं म्हणजे, रीत फक्त मृत्यूला ओळखते. मोडलेल्या संसाराला सुतक नसतं. नोकरी गेलेल्याच्या घरात कंदील लागतो, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. केमोथेरपी सुरू असलेल्या घरातून तेलाचा वास नको म्हणून खिडक्या बंद असतात. मुलं परदेशी गेलेल्या आईवडिलांनी त्यांच्यासाठी फराळाचं पार्सल महिनाभर आधीच कुरिअरने धाडलेलं असतं आणि लक्ष्मीपूजनाला दोघंच समोरासमोर बसलेली असतात. दिवस लहान होत जातात, सहालाच अंधारून येतं, बाहेर फटाके वाजतात आणि आत एखाद्याला जगणं नकोसं झालेलं असतं. त्याच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक इथे मुद्दाम छापतो आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही तिथे कुणीतरी बोलतं, आणि मराठीत बोलता येतं. पान फाडून फ्रिजवर लावलं तरी चालेल. अंक फाटल्याचं दुःख नाही.

अंकावरून आठवलं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून आपण दिवाळीला वाचतो आहोत. माझ्या लेखी मात्र दिवाळी अंकाची खरी ओळख काकूंनी डब्याखाली धरून आणलेल्या त्या अंकाने करून दिली. "वाचून झाला की द्या, घाई नाही," त्या म्हणाल्या होत्या. आई रात्री झोप लागेना की तो वाचायची. आठवड्याने काकू अंक न्यायला म्हणून आल्या, तेव्हा दुसरा घेऊन आल्या. मार्गशीर्ष लागला तरी हे चालू होतं. पुन्हा येण्याला निमित्त हवं म्हणून त्या एकेकच अंक आणत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. या अंकातल्या कथा, कविता, लेख निवडताना, मजकूर तिसऱ्यांदा तपासताना माझ्यासमोर तो रात्रीचा दिवा होता.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पहिला घाणा निघाला की नैवेद्याचं बाजूला काढते आणि मला हाक मारते, "यंदा कुणाकडे जायचंय?" नावं कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली असतात. गेल्या वर्षी चार होती. त्यातलं एक तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं, जी पावसाळ्यात सासर सोडून आली होती आणि जिन्यात भेटली तरी खाली मान घालून जायची.

"त्यांच्याकडे कुणी गेलेलं नाही गं," मी म्हणालो.

आई डब्याचं झाकण दाबून बसवत होती. "त्यांच्याकडे दिवाळी नाही ना? मग झालं तर."

जिना चढताना तिचे गुडघे दुखतात, म्हणून डबा मी घेतला. अंक तिने स्वतःकडेच ठेवला.