रोग म्हशीला, औषध पखालीला

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाडीच्या स्टेअरिंगवर लेख लिहावा, हे काहींना खटकेल. हा विषय आय. टी. आय.च्या किंवा अभियांत्रिकीच्या मुलांचा, असे कोणी म्हणेल. परंतु गाडी बिघडल्यावर पैसे कोणाच्या खिशातून जातात आणि कशाबद्दल जातात, हा प्रश्न तर आमच्याच शाखेचा आहे. बेळगाव परिसरातील कितीतरी घरांची चूल एका जुन्या पिकअप गाडीवर पेटते. संध्याकाळी कोबी, बीन्स, बटाटा भरायचा, रात्री जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करीत निघायचे, पहाटे गोव्यात माल उतरवायचा आणि दुपारपर्यंत घरी परतायचे, असा त्यांचा क्रम. अशा गाडीचे स्टेअरिंग घाटात जड झाले, तर धंदा आणि जीव दोन्ही टांगणीला लागतात. माझे म्हणणे एवढेच, की अशा वेळी आपण लुबाडले जातो ते सुटे भाग महाग असतात म्हणून नव्हे. निदानाला आपण किंमत देत नाही, म्हणून लुबाडले जातो.

प्रथम हे यंत्र थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने 1926 साली तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग गाडीला बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते यायला 1951 साल उजाडले. क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ते प्रथम आले. आज नव्या मोटारींत हे काम बहुधा विजेची मोटर करते. जुन्या पिकअपमध्ये मात्र अजून तेलाचेच राज्य आहे. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो टाकीतले तेल ओढून घेतो आणि दाबाने स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतो. आपण चाक वळविले की तेथील व्हॉल्व्ह उघडतो, तेल त्या बाजूला जोर लावते आणि मग टाकीत परत येते. चालकाच्या हाताला तेलाने दिलेला हा हातभार होय. तो थांबला तरी चाके वळतात, कारण लोखंडी जोड तुटलेला नसतो. पण भरलेल्या गाडीला वळविताना खांदे भरून येतात. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी जे इंजिन बंद करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. इंजिन थांबले की पंप थांबतो, आणि ब्रेकला मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते. चार पैशांच्या बचतीसाठी एवढा मोठा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

आता एक घडलेली हकीकत. माझ्या मामांची पिकअप बरीच जुनी आहे. मध्यंतरी तिचे स्टेअरिंग सावकाश वळणावर एकाएकी जड होई आणि पुन्हा हलके होई. सकाळी गाडी सुरू केली की पंपातून घूं घूं असा आवाज येई. एका मेस्त्रींनी तो ऐकला आणि बॉनेट नीट उघडण्याआधीच निकाल दिला, "पंप गेला." नवा पंप साडेसात हजारांचा, ऑईल आणि मजुरी चौदाशे. पंप मागविण्यात गाडी तीन दिवस उभी राहिली, तीन फेऱ्या बुडाल्या. चौथ्या दिवशी गाडी घाटाला लागली आणि तोच आवाज, तोच जडपणा पुन्हा हजर!

मग मामा दुसऱ्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेले. त्यांनी इंजिन चालू ठेवून टाकीचे झाकण काढले. आतले तांबडे तेल ताकासारखे फेसाळले होते. फेस म्हणजे हवा. आणि हवा शिरते ती पंपाच्या अलीकडे, टाकीतून तेल ओढणाऱ्या नळीतून. ती रबरी नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाली होती आणि तिची क्लिप सैल पडली होती. गाडी चालू असताना तेथे ओढ असते, म्हणून तेलाचा थेंब बाहेर पडत नव्हता, हवा मात्र आत जात होती. नवी नळी आणि क्लिप मिळून दोनशेवीस रुपये. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवीत आणि टाकीत तेल भरीत त्यांनी हवा काढली. नंतर इंजिन चालू करून तेच पुन्हा केले. आवाज गेला, जडपणा गेला. नवा पंप आजही गाडीत आहे आणि चांगला चालतो. जुनाही चांगलाच चालत होता! रडणारा तो पंप होता, पण आजारी नळी होती. म्हैस आजारी असताना तिच्या पाठीवरच्या पखालीला औषध पाजले, तर दुसरे काय होणार?

या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. वयस्क मेस्त्रींनी मजुरीचे दीडशे रुपये घेतले. मामांनी विचारले, "आणि तपासल्याचे?" ते म्हणाले, "बघायचे कसले पैसे घ्यायचे?" म्हणजे ज्यांचे निदान चुकले त्यांच्याकडे जवळजवळ नऊ हजारांचे काम झाले आणि ज्यांचे बरोबर ठरले त्यांच्या पदरात दीडशे पडले. वाचकहो, ज्या बाजारात असा हिशेब चालतो, त्या बाजारात निदान करायला कोण शिकेल?

डॉक्टरांनी तपासून "काही नाही, दोन दिवस विश्रांती घ्या," असे सांगितले, तरी आपण फी देतो. वकिलाचा सल्लाही आपण फुकट मागत नाही. मेस्त्रींच्या बाबतीत मात्र आपली समजूत अशी, की हातात नवा भाग पडला तरच पैसे द्यायचे. मग मेस्त्रींनाही पोट आहे. ते भाग विकतात. भागावर दुकानदाराकडून काही सुटते, पाहण्यावर काहीच सुटत नाही. सर्व दोष त्यांच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. लबाडीला आमंत्रण आपणच देतो, आणि मग लबाडी झाली म्हणून गळा काढतो.

शिवाय तक्रार सांगण्यातही आपण आळशी आहोत. मराठी माणूस म्हणतो, "स्टेअरिंग जड झालंय." कन्नड माणूस म्हणतो, "स्टेअरिंग बिगि आगेति." आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या भाषा येथे एकाच वाक्यावर थांबतात. केव्हा जड होते? उभ्या गाडीत, की चालत्या? दोन्ही बाजूंना, की एकाच? हळूहळू झाले, की अचानक? या चार प्रश्नांत अर्धे निदान असते. पंपाला डावे-उजवे कळत नाही; तेव्हा एकाच बाजूला जड होत असेल तर पंपावर संशय घेण्याआधी गिअरबॉक्समधील व्हॉल्व्ह आणि सील पाहावेत. इंजिन मंद असताना जड होते आणि वळविताना चीं चीं असा आवाज येतो, तर पट्टा सैल झाला आहे किंवा घासून गुळगुळीत झाला आहे, असा संशय धरावा. तेल वरचेवर कमी होत असेल तर कोठे तरी गळती आहेच, कारण हे तेल इंजिनात जळून जात नाही.

पाहण्याचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे असावा. आधी पुढच्या टायरांची हवा. मग गाडी जॅकवर नीट टेकवून, इंजिन बंद ठेवून चाक फिरवावे. तेव्हाही ते अडत असेल तर दोष तेलाचा नसून सांध्यांचा आहे. नंतर तेल, पट्टा, नळ्या. सर्वांत शेवटी दाबाचे मीटर. पंप आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ते जोडतात आणि त्यावरील व्हॉल्व्ह क्षणभर, पाच सेकंदांच्या आत, बंद करून पाहतात. कंपनीच्या पुस्तकातील दाब आला तर पंप निर्दोष. दोष पुढे आहे. दाब आला नाही तर पंप किंवा त्यातील व्हॉल्व्ह दोषी. दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. दाबाच्या नळीची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी, कारण बारीक भोकातून उडणारे तेल कातडीत घुसते. आणि टाकीत ब्रेक ऑईल कधीही ओतू नये. त्याने सील फुगून खराब होतात.

यावर आक्षेप येतील. "गाडी उभी ठेवून परीक्षा करीत बसायला वेळ कोणाला आहे?" पण मामांच्या तीन फेऱ्या बुडाल्या त्या परीक्षेमुळे नव्हेत, परीक्षा न केल्यामुळे. "नवे टाकले की चिंता मिटते." कधी कधी हे खरे असते. पंप आतून झिजला किंवा गिअरबॉक्स आतून चरला, तर बदलणेच योग्य; तेथे काटकसर करणे धोक्याचे आहे. माझा विरोध बदलण्याला नाही, न पाहता बदलण्याला आहे. तिसरा आक्षेप, "मीटर कोठून आणायचे?" ज्या शहराच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकची यंत्रे तयार होतात, त्या शहरात हा प्रश्न पडावा याची मौज वाटते. मी पाहिलेल्या गॅरेजांत मात्र असे मीटर नव्हते. तपासणीचे पैसे मिळू लागले तर मेस्त्री ते आपणहून घेतील.

कायदाही आपल्या बाजूला आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हा अनुचित व्यवहार ठरविला आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः धंदा करणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे. पण बिल मागणारा तर हवा! आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी अशी एखादी गाडी आहे. ताळेबंद जुळविण्याचे आपले शिक्षण तेथे उपयोगी पडू द्या. गाडी गॅरेजला जाण्याआधी त्या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून द्या. काढलेला जुना भाग परत मागा. बिलात तपासणीची रक्कम वेगळी लिहावयास सांगा, आणि मेस्त्रींनी "यात बदलण्यासारखे काही नाही," असे सांगितले तर ती रक्कम कुरकुर न करता द्या. त्या दिवशी आपण एका पंपाची किंमत वाचविलेली असेल, आणि एका प्रामाणिक कारागिराला प्रामाणिक राहणे परवडू लागलेले असेल.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)