भिंतीपलीकडे न जाणारा प्रिंट

पूर्वी पामटॉप प्रिंटरसमोर धरून प्रिंट काढायचे, हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. १९९५ च्या एचपी लेझरजेट ५पी ला तशी इन्फ्रारेडची खिडकी होती. अंतर जेमतेम १ मीटर, मध्ये हात आला की गाडी अडली!

पण तो प्रकाश भिंतीपलीकडे जात नसे. ज्याचा कागद, तोच समोर उभा.

आपण काय करतो? रत्नागिरीच्या पावसात भिजत जायचं आणि आधार कार्ड झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं. परवा माझ्या पुढच्याचं जातीचं प्रमाणपत्र स्क्रीनवर उघडंच होतं. मी माझा मेसेज डिलीट केला, पण डाउनलोड झालेली फाईल तिथेच राहिली ना!

हॉस्टेलमध्ये मोबाईलवरून थेट प्रिंट देणारा एक प्रिंटर बसवाच. समोर उभं राहायला आमची ना नाही.