वेडी बाभळ, उस्मानाबादी बोकड आणि टेक्सासचा धूर



माळकरी वाचकांनी आजचा मजकूर सोडून दिला तरी राग नाही. हरभऱ्याच्या घाटेअळीवर दोन दिवसांनी लिहितोच. आज शेरडांवर लिहायचंय, आणि थोडं अमेरिकेवर.

झालं असं की माझा पुतण्या पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला आहे. मागं एकदा रात्री साडेदहाला त्याचा फोन. म्हणला, "तात्या, आपल्या बांधावरची वेडी बाभळ तोडून वाळवलेली हाय का? आन् एखादी भाकड शेळी इकायची असंल तर थांबा जरा."

म्हणलं, "पुण्यात चूल मांडतो का काय?"

"चूल न्हाई तात्या, धूर पायजे."

मला आधी काही उमगेना. आपल्याकडं बार्बेक्यू म्हणलं की टेबलाच्या मधोमध निखाऱ्याची शेगडी आणि सळईला टोचलेले तुकडे. 2006 ला मुंबईत बार्बेक्यू नेशन सुरू झालं तेव्हापासून शहरातल्या लोकांना तेच ठाऊक. पण ते झालं भाजणं. अमेरिकेत, त्यातही टेक्सासात, बार्बेक्यू म्हणजे मांस आगीपासून लांब ठेवायचं आणि 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या धुरात आठ-दहा तास, मोठा तुकडा असला तर रात्रभर, सावकाश शिजवायचं. हीच तऱ्हा आता लंडन-पॅरिसपर्यंत गेली आणि आपल्याकडंही शिरायला लागली. टेक्सासात खरा मान गाईबैलाच्या छातीच्या मांसाला, त्याला ते ब्रिस्केट म्हणतात. आपल्या राज्यात 1976 च्या कायद्यानं गाय वाचलीच होती, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. मग इथल्या आचाऱ्यानं धुरावर ठेवायचं काय? कोंबडी, डुक्कर, म्हैस, नाहीतर आपली शेळी. म्हणून तो फोन.

दिवाळीत पोरगं गावाकडं आलं तेव्हा करूनच बघितलं. किराणा ठोकवाल्याकडून खाद्यतेलाचा 200 लिटरचा बॅरल आणला. इंजिन ऑइलचा आणू नका, आतलं ऑइल काही केल्या जात नाही. पत्र्याला जस्ताचा मुलामा असला तर तोही नको, तापला की त्याची वाफ विषारी. आधी नुसती आग पेटवून बॅरलचा रंग जाळून काढला. मग खाली निखारे, वर जाळी, त्याच्यावर झाकण, झाकणाला एक भोक.

पहिल्या दिवशी सगळं वाया गेलं. पंधरा दिवसांपूर्वी तोडलेली बाभळ घातली, ती आतून ओली. पांढरा दाट धूर निघाला आणि मांस असं कडू झालं की कुत्र्यानंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात बांध साफ करताना तोडलेली, चार-पाच महिने वाळलेली लाकडं घेतली. धूर पातळ आणि निळसर यायला लागला. तोच पाहिजे असतो.

पाच वेतं झालेली भाकड शेळी गावातल्या खाटकाकडून कापून घेतली होती. तिचा पुढचा फरा, एक किलो नऊशे ग्रॅम. सकाळी आठला ठेवला. बारा वाजेपर्यंत मांसाच्या आतलं तापमान 68 अंशावर आलं आणि तिथंच बसलं. अडीच वाजले तरी हलेना. मला वाटलं थर्मामीटर बिघडला. पोरगं म्हणलं, "त्याला घाम येतोय तात्या." म्हणजे असं, माठातलं पाणी पाझरून वाळतं म्हणून माठ गार राहतो, तसं मांसातलं पाणी वर येऊन उडत राहतं आणि मांस तापू देत नाही. तो घाम सरला की पुन्हा पारा चढतो. शेळीच्या अंगात मुळात चरबी कमी, आणि जी असते ती आत गुर्द्याभोवती आणि आतड्यांवर जास्त. त्यामुळं मांस कोरडं पडायची भीती असते. आम्ही फरा केळीच्या पानात गुंडाळून परत आत ठेवला. पाच वाजता 94 अंश. हाड धरून ओढलं तर मांस आपोआप सुटलं. म्हाताऱ्या जनावराचे चिवट पडदे म्हणजे कोलॅजन, ते इतका वेळ सौम्य उष्णतेत राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. पायाच्या रश्शात ओठाला जे चिकट लागतं तेच ते.

तोंडात एक दात नसलेल्या आमच्या आबांनी दोन वेळा मागून खाल्लं. म्हणले, "हुरड्याच्या आगटीचा वास येतोय रं."

वजन केलं तर फरा भरला एक किलो दीडशे ग्रॅम. साडेसातशे ग्रॅम हवेत गेलं.

आता त्या बाभळीचं. वेडी बाभळ म्हणजे हिंदीत विलायती बबूल, शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. ही आपली नाहीच, मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात ती हिंदुस्थानात आली आणि पडीक दिसंल तिथं घुसली. टेक्सासात तिची चुलत बहीण आहे, मेस्किट. तिथला पशुपालक तिला आपल्यासारखाच शिव्या घालतो, कारण जनावरं गोड शेंगा खातात, शेणातून बी पडतं आणि चराईचं रान काट्याखाली जातं. (शेंगांवरून आठवलं. शेरडांना थोड्या ठीक आहेत, पण रोज भरमसाठ खाल्ल्या तर जबडा लुळा पडतो, सांभाळा.) पण तिकडं मेस्किटवर मांस भाजून तिच्या धुराला नाव मिळवून दिलं. तिच्यात एक दोष आहे. धूर उग्र असतो, दिवसभर दिला तर कडवटपणा येतो. म्हणून तिकडं पश्चिमेला ती आधी जाळून निखारा करतात आणि मग वापरतात, आणि मध्य टेक्सासात लांब शिजवायला ओकचं लाकूड घेतात. आम्हीही शेवटी निखारा बाभळीचा आणि धुराला पेरूच्या वाळक्या फांद्या, असं केलं.

आणि शेळीचं म्हणाल तर त्याच टेक्सासात ब्रॅडी नावाचं छोटं गाव आहे. तिथं 1974 पासून दरवर्षी धुरावर शेळी शिजवायची जागतिक स्पर्धा भरते. एका छोट्या गावानं शेळीवर नाव काढलं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं तर अख्खी जात आहे. जिल्ह्याचं नाव 2023 ला धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. बहुतेक काळी, जुळं द्यायला पटाईत, दुष्काळात बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरणारी, नोंदीप्रमाणं पूर्ण वाढलेली मादी 32 किलोच्या आसपास, बोकड 34. ह्या शेळीला आम्ही गरिबाची गाय म्हणतो आणि बाजारात गरिबासारखीच विकतो.

माझं म्हणणं इथं आहे. पुण्या-मुंबईत हा धूर चालला तर चांगलंच, पण त्यातला रुपया गोठ्यापर्यंत यायचा असंल तर बोकड आधी काट्यावर चढला पाहिजे.

हॉटेलवाल्याशी माझं भांडण नाही. हिशेब बघा. फरा 780 रुपये किलोनं आणला, धुरावर ठेवल्यावर किलोचं सहाशे ग्रॅम राहिलं, त्याच्या दोनशे ग्रॅमच्या तीन प्लेटा. पोराच्या हॉटेलात प्लेट 850 ला. म्हणजे 780 चे 2,550 झाले. त्यात जागेचं भाडं, लाकूड, आठ-नऊ तास आगीपाशी बसणारा माणूस, आणि संध्याकाळी न खपलेलं मांस. कमावतो तो, पण फुकट नाही कमवत.

भांडण आहे ते आपल्या टोकाला. आठवडी बाजारात मी एक बोकड उभा केला होता. हेड्यानं पाठीवरून हात फिरवला, कंबर दाबली, रुमालाखाली माझी बोटं धरली. आठ हजार दोनशे. म्हणलं परवडत नाही, तर म्हणला, "आत काय न्हाई मालक, नुसता केसाळ हाय." घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी सोयाबीनच्या काट्यावर चढवला, 27 किलो भरला. आठवड्यानं एका ओळखीच्या खाटकाला 380 रुपये किलोनं दिला, 10,260 झाले. 2,060 चा फरक. म्हणजे साडेपाच किलो बोकड मी त्या रुमालाखाली सोडून देणार होतो.

आता हेड्याचीही बाजू सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. बाजारच्या आदल्या रात्री शेरडाला मीठ चारून पोटभर पाणी पाजायची विद्या आपल्याच घरातली आहे. हेडी ते ओळखून आधीच भाव पाडतो. म्हणून काटा पाहिजे तो सकाळचा, उपाशीपोटी, दोघांच्या डोळ्यासमोर. आणि बोकडाचं वय, कधी खच्ची केला, लस कधी दिली हे वहीत लिहिलेलं पाहिजे. धुराच्या धंद्याला हे जास्तच लागतं. सहा महिन्यांचा कोवळा बोकड तिथं कामाचा नाही, त्याचा रस्साच चांगला. त्यांना पाहिजे वर्ष-सव्वा वर्षाचा भरलेला बोकड, नाहीतर पाच वेतांची शेळी, जिला आज कोणी विचारत नाही. आमच्या खाटकाकडं मान, सीना आणि फरा हे शेवटी उरतात, रान आधी जाते. धुरावर नेमकं उलटं होतं, चिवट तेवढं चविष्ट. भाकड शेळीला भाव येण्याची हीच एक वाट मला दिसते.

काहीजण म्हणतील, मग बोअरचं रक्त घाला, वजन वाढंल. फलटणच्या निंबकर संस्थेनं बोअर इकडं आणून संकराचं काम केलं, ते मोलाचं आहे. पण ज्याच्याकडं विहिरीला पाणी नाही आणि शेरडं दिवसभर माळावर हिंडतात, त्यानं खुराकावर वाढणाऱ्या जनावराच्या मागं लागू नये. काळ्या शेळीचा शुद्ध कळप राखा. आज कुठलंही काळं शेरडू उस्मानाबादी म्हणून खपवतात, हे आपल्याच मुळावर येणार आहे. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं, ते नावाला पुरावा जोडला म्हणून. शेळीच्या नावालाही पुरावा जोडावा लागंल.

आणखी एक मनात आलं ते लिहितो. चिवट मांस खाण्याजोगं करायची कला श्रीमंताची कधीच नव्हती. अमेरिकेच्या दक्षिण भागात खड्डा खणून रात्रभर आग राखायचं काम काळ्या गुलामांकडं होतं. टेक्सासात जर्मन आणि झेक खाटीक न खपलेलं मांस धुरावर ठेवायचे. आपल्याकडं मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांनी मांस वाळवून चान्या केल्या, आतड्यापासून खुरापर्यंत काही वाया जाऊ दिलं नाही, आणि त्याबद्दल गावानं त्यांना नावं ठेवली. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या 2015 च्या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलंय, 2024 ला ते इंग्रजीतही गेलं. आता तीच चिवट मांसाची कला काचेच्या हॉटेलात 850 ला मिळते. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण कुणी पोरगं गावात बसून हे शिकायला निघालं, तर आधी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडं जाऊन बसावं. आमच्या बॅरलचं जे पहिल्या दिवशी वाया गेलं, ते त्यांनी सकाळीच सांगितलं असतं.

एक सावधगिरी. हे वाचून उद्याच कुणी घरी कापून शहरात मांस पाठवू नका. अन्न परवाना लागतो, कत्तलीची जागाही मान्यताप्राप्त लागते, आणि गार ठेवायची साखळी तुटली तर मांस नासतं. जिवंत जनावर वजनावर विकणं एवढंच सध्या आपल्या आवाक्यात आहे. पाच-सहा जणांनी मिळून एक काटा घेतला तरी पुरे.

पुतण्याला मी निरोप दिलाय. महिन्याला दोन बोकड देतो, वहीसकट. भाव किलोवर, काटा माझ्या दारात, गाडीभाडं त्यांचं. वाळकी बाभळ लागली तर तीही किलोवर, फुकट नाही. पोरगं म्हणलं, "मालकाला इचारून सांगतो." तीन आठवडे झाले. बोकड दावणीलाच आहे, काल परत चढवला काट्यावर, दीड किलोनं वाढलाय.

तुमच्या बाजारात काट्यावर विकतात का उक्तं, आणि किलोला काय भाव चाललाय, ते खाली लिहा.