हार घातले, पण विवाह झाला काय?

तुळशीची लग्ने आटोपली की महाराष्ट्रात मंगल कार्यालयांचे दर चढू लागतात आणि आमच्या कार्यकर्त्यांच्या घरीही लग्नाच्या बैठका बसू लागतात. आपल्यांतील अनेकांची लग्ने साध्या पद्धतीने लागतात. भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही. वधूवर एकमेकांस हार घालतात, प्रतिज्ञा उच्चारतात, एखादे ज्येष्ठ साथी चार शब्द बोलतात आणि पेढे वाटून मंडळी घरी जातात. या पद्धतीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तिच्या कायदेशीर बाजूकडे आपण आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते ती बहुधा वधूला.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगते की, विवाह हा वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढ विधींनुसार लागला पाहिजे. विधी कोणते, हे कलम सांगत नाही. ते रूढीवर सोडले आहे. या सोडून देण्यातच सारी गोम आहे. १९६५ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या लोखंडे खटल्यात पहिली बायको हयात असता ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरे लग्न केलेला नवरा सुटला. का सुटला? तर दुसऱ्या लग्नात आवश्यक ते विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे ते लग्नच नव्हे. म्हणजे द्विभार्येचा गुन्हाही नव्हे! फसवणारा सुटला आणि फसलेल्या दोन्ही बायका हात चोळीत राहिल्या. अगदी अलीकडे, २०२४ साली, याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट पाहू. जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लावला. दीडशे वर्षे चालत आलेली ही पद्धत आता ‘रूढी’च झाली आहे, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो करावाही. पण न्यायालयात हे सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर? पोटगीसाठी दारोदार फिरणाऱ्या बाईच्या. ज्या पद्धतीचा जन्मच पुरोहिताच्या जाचातून सुटण्यासाठी झाला, तिलाच पुरोहिताचे साक्षीपुरावे नाहीत म्हणून कोर्टात अडवले जावे, यापरता विपर्यास कोणता?

तामिळनाडूने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. पेरियारांच्या चळवळीतील स्वाभिमान-विवाह न्यायालयाने अमान्य ठरविले, तेव्हा १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात आपल्या राज्यापुरते ७-अ हे कलम घातले. आप्तेष्टांसमोर वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचे उभयतांना समजणाऱ्या भाषेत सांगावे, किंवा हार वा अंगठी घालावी, किंवा ताळी बांधावी. एवढ्याने विवाह पुरा होतो. पूर्वी लागलेल्या लग्नांनाही त्या कलमाने संरक्षण दिले. फुल्यांचे नाव प्रत्येक व्यासपीठावरून घेणाऱ्या महाराष्ट्राच्या एकाही सरकारला हे सुचलेले नाही. या राज्याने काय केले? तर डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह केलेल्यांच्या कुटुंबांत ‘समन्वय’ घडविणारी समिती नेमली. ओरड होताच दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द गाळला आणि आंतरधर्मीय जोडप्यांवरील नजर तेवढी कायम ठेवली!

तोवर उरतो तो १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात ना विधीची अट, ना धर्माची. पण त्यालाही एक काटा आहे. वधू किंवा वर किमान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि पुढचे तीस दिवस कोणीही हरकत घेऊ शकतो. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीच्या भावकीला याहून सोयीची बातमी कोण देणार? खोडसाळ हरकत घेणाऱ्यास फार तर एक हजार रुपयांचा भुर्दंड. मुलीला मात्र घरात कोंडले जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. ती सवलत सर्व देशभर मिळाली पाहिजे, ही मागणी ७-अ च्या मागणीइतकीच निकडीची आहे. आपल्या आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात निदान एक अशासकीय विधेयक मांडावे. ते पडेल, हे आम्हांस ठाऊक आहे. पण कोण त्याच्या विरोधात हात वर करतो, हे तरी दिसेल.

एक घोटाळा मात्र कार्यकर्त्यांनी आधी मनातून काढावा. ‘आम्ही नोंदणी केली आहे’ असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होते ती झालेल्या विवाहाची नोंद. तिने विवाह होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर जे होते, तो स्वतःच विवाह असतो. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी सभागृह ठरविण्यापूर्वी कचेरीची पायरी चढावी. १५ जानेवारीस प्रतिज्ञा घ्यावयाची असेल तर नोटीस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे, आणि त्याआधीच्या तीस दिवसांच्या वास्तव्याचा कागद हाती पाहिजे. फार आधीही देऊन चालत नाही, कारण तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर नोटीस रद्द होते. जादा फी भरल्यास विवाह अधिकारी कचेरीबाहेर, म्हणजे आपल्या सभेच्या जागीही येऊ शकतो. मग हार, प्रतिज्ञा आणि सही एकाच मांडवात उरकता येतील. जेथे मुलीच्या जिवाला धोका आहे, तेथे जिल्हा शाखेने त्या तीस दिवसांसाठी तिच्या राहण्याची व्यवस्था आधी करावी आणि नोटीस मागाहून द्यावी.