कुत्रा आधी सांगतो, मग चावतो

आठ वर्षांची मुलगी, गालावर दोन खोल जखमा आणि त्यांवर हळदीचा जाड लेप. पुसेगावजवळच्या एका आखाड्यावरून आजोबा तिला मोटारसायकलवर घेऊन आले होते. हिंगोली हा हळदीचा जिल्हा. त्यामुळे जखमेवर आधी हळद आणि मग डॉक्टर, हा इथला नेहमीचा क्रम. चावलेले कुत्रे मोकाट नव्हते. सहा वर्षे आखाड्याची राखण करणारा घरचाच मोती होता. ‘‘काही कारण नव्हतं साहेब, उगंच चावलं बघा. आता पोत्यात घालून लांब सोडून येतो त्याला,’’ आजोबा म्हणाले.

‘उगंच चावलं’ हे वाक्य सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत मी असंख्य वेळा ऐकले आहे. आम्ही केसपेपरवर तारीख, जखमेची श्रेणी आणि लशीचा डोस लिहितो. चावण्याआधी काय घडले, हे विचारत नाही. त्या दिवशी विचारले. उत्तर मुलीनेच दिले. मोती भाकरी खात होता. तिने त्याच्या गळ्यात हात टाकला. तो गुरगुरला. ‘गप रे’ म्हणून ती पापा घ्यायला वाकली.

म्हणजे कारण होते, आणि मोतीने ते आधी सांगितलेही होते. फक्त ते कोणाला कळले नव्हते.

हे कळून घेणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, ते श्वानवर्तनतज्ज्ञ. कुत्र्याचे प्रशिक्षण आपल्याला ठाऊक असते ते पोलिसांच्या श्वानपथकामुळे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ अनेकांना आठवत असेल. तिथे माणसाने सांगितलेले कुत्र्याला समजावे लागते. वर्तनतज्ज्ञाचे काम याच्या उलट असते. कुत्रा काय सांगतो आहे, ते त्याला माणसाला समजावून द्यावे लागते. मुंबईच्या शिरीन मर्चंट हे आपल्या देशात या क्षेत्रातले अग्रणी नाव. इंग्लंडचे जॉन रॉजरसन यांच्याकडे त्या शिकल्या आणि ज्या काळात हा व्यवसाय म्हणून कोणी गंभीरपणे घेत नव्हते, त्या काळात त्यांनी यालाच वाहून घेतले. २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना ‘फर्स्ट लेडीज’ सन्मान मिळाला. श्वानप्रेम तर अनेकांकडे असते. त्या प्रेमाला निरीक्षणाची शिस्त लावली, की त्याचे शास्त्र होते.

हे शास्त्र काय सांगते? बहुतेक वेळा चावा हा कुत्र्याचा शेवटचा उपाय असतो. त्याआधी तो मान फिरवतो, भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असे तिरके बघतो. मग अंग ताठ होते, हालचाल थांबते, गुरगुर सुरू होते. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच आहे, असेही नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकून हलते, आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला काठी मारणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय. त्याने गुरगुर बंद होते, भीती जात नाही. मग असे कुत्रे इशारा न देता थेट चावू शकते. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षा करून शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली.

अर्थात आपल्या मेंढपाळांना यात नवे वाटणार नाही. रात्री कुत्रे कोणत्या सुरात भुंकले, यावरून लांडगा आला की वाटसरू, हे ते वाघरीत पडल्या पडल्या ओळखतात. आपण मात्र ती ओळख विसरत चाललो आहोत.

या विषयाकडे आज वळण्याचे कारण सर्वोच्च न्यायालयाचे आदेश. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने सांगितले, की नसबंदी आणि लसीकरणानंतर भटकी कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. पण ‘आक्रमक’ कोण, हे ठरवायचे कोणी? पिलांजवळ गेलेल्याच्या अंगावर धावणारी कुत्री आक्रमक म्हणायची का? पाय मोडल्यामुळे हात लावू न देणारा कुत्रा? भाकरीवरून चावलेला मोती? भीती, राखण, दुखणे आणि खरी आक्रमकता यांतला फरक ओळखायला तयार नजर लागते. असा तज्ज्ञ मोठ्या शहरात फी भरून मिळतो. सेनगाव तालुक्यातल्या गावांनी त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हटवण्यास सांगितले आणि सगळी चर्चा त्याभोवतीच झाली. त्याच आदेशातल्या आणखी एका सूचनेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्राण्यांजवळ कसे वागावे आणि चावल्यास प्रथमोपचार काय करावेत, हे शाळांनी विद्यार्थ्यांना शिकवावे, असे ती सांगते. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उपाय हाच आहे. निवारागृहाला जागा, माणसे, पैसा लागतो. या धड्याला एक शिक्षक आणि एक तास पुरतो.

याचा उपयोग होतो का? शेजारच्या गोव्याकडे बघा. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण, रेबीजवर सतत नजर आणि शाळाशाळांतून मुलांचे शिक्षण, अशा तिन्ही गोष्टी एकत्र राबवल्या. २०१८ ते २०२० या काळात तिथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद नाही आणि २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले. आपल्याकडे २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी पावणेपाच लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

मुलांना शिकवायचे ते इतकेच. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. त्याला मिठी मारू नये, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नये. अंगावर आला तर पळू नये. हात अंगालगत धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. पाडलेच तर मुटकुळे करून मान आणि कान हातांनी झाकावेत.

आता डॉक्टर म्हणून एक ताकीद. कुत्रा का चावला हे समजले, म्हणून लस टाळता येत नाही. पिसाळलेले कुत्रे हे वर्तनाचे कोणतेच नियम पाळत नाही आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी दर पाचातल्या एकाने लशीचा एकही डोस घेतला नव्हता. म्हणून हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस घ्यावी लागते. रक्त आलेल्या जखमेत रेबीजविरोधी सिरमही द्यावे लागते. सरकारी दवाखान्यात हे उपचार मोफत आहेत. कुत्र्याला मारू नका, दूरही सोडू नका. दहा दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवा.

आजोबांनाही मी हेच सांगितले. लांब सोडलेला मोती दुसऱ्या गावात भुकेला, घाबरलेला, म्हणजे अधिक धोकादायक झाला असता, आणि त्याला रेबीज होता का, हे आपल्याला कधीच कळले नसते. दहा दिवसांनंतरही मोती ठणठणीत होता. अठ्ठाविसाव्या दिवशी मुलगी शेवटच्या डोसला आली, तेव्हा गालावर फक्त वण उरले होते. ‘‘मोती जेवताना मी आता लांब बसते,’’ ती म्हणाली.

तेव्हापासून कुत्रा चावलेला रुग्ण आला, की मी केसपेपरवर एक ओळ जास्त लिहितो : चावण्याआधी काय घडले? बऱ्याचदा त्या ओळीत असे काही सापडते, जे टाळता आले असते.